यादीत नसलेलं बेट

अमरावती
३ ऑगस्ट २०२५

रागिणीवहिनी,

शुभम काल झेंडूची रोपं न्यायला इकडे आला होता. जाताना दारात उभं राहून त्यानं तुमचा निरोप सांगितला. "वहिनीनं इचारलं, जितं पोवळं पाहाले कुठं जा लागते? दिवाळीच्या मागंपुढं. आन् फोन नका करू म्हणे, फोन तुमी अर्ध्या मिनिटात ठेवता. कागदावर लिवून द्या." चहा घे म्हटलं तर थांबला नाही.

फोनचं खरं आहे. तुमचा नवरा आणि माझा मित्र कुंदन गेला, त्याला ऑक्टोबरात वर्ष होईल. या वर्षात मी तुमच्याशी सगळं मिळून पाच मिनिटंही बोललो नसेन. तेरवीला आलो नाही, ताप आहे असं कळवलं होतं. ताप नव्हता.

तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर देतो. हे मला येतं. अकरावीला दरवर्षी प्रवाळांवर माझा एक तास असतो, यंदाचा गेल्या आठवड्यातच झाला. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जीव आहे. समुद्राचं पाणी फार तापलं की तो पांढरा पडतो. पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असं नाही. पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो. नाही निवलं तर वर शेवाळ चढतं आणि सगळं राखाडी होतं. गेल्या वर्षीचा उन्हाळा समुद्रालाही वाईट गेला, त्यामुळे आता जागा पाहून निवडावी लागते.

मालवण सगळ्यात सोपं, पण दिवाळीच्या सुमारास तिथलं पाणी पुष्कळदा गढूळ असतं आणि प्रवाळ थोडे आहेत. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे. पाणी चांगलं, मासे भरपूर, पण खडक जास्त. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो आणि गेल्या वर्षीच्या उष्णतेचा तडाखा तिथं मोठा होता. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला सगळ्यात भरगच्च प्रवाळ आहेत. तिथं जायला तीन-चार विमानं बदलावी लागतात आणि पाण्याला ओढ असते, नवख्या माणसाचं ते काम नाही. इजिप्तचा तांबडा समुद्र मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. उत्तरेकडचे प्रवाळ उष्णता सोसतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी स्वच्छ आणि उबदार असतं. पासपोर्ट लागेल.

तुमची खुशी सातवीत गेली असेल. शुभमला विचारायचं राहिलं.

इशिता म्हणाली, किती महिन्यांनी माझा नवरा एका जागी दोन तास बसून काहीतरी लिहितोय. काल भाजीत मीठ नव्हतं म्हणे. मी सगळी खाल्ली. मला कळलं नाही.

अद्वैत


अमरावती
२९ ऑगस्ट २०२५

रागिणीवहिनी,

तुमचं पत्र मिळालं. खुशीच्या वहीचं पान दिसतंय. चारच ओळी आहेत, मी त्या बऱ्याच वेळा वाचल्या. "भाऊजी, यादी भेटली. तिच्यात अंदमान नाई. काहून? तिकडचं सगळं मेलं काय? हे फोनवर म्हणत होते का राखेवानी हाय. पण हेबी म्हणत होते का दूरच्या बेटापाशी जितं हाय, तिकडं बोटी जात नाईत."

अंदमान मी मुद्दाम घातलं नाही. लिहिताना हात तिथं गेला आणि पुढे सरकला.

कुंदन तुम्हाला बोलला ते बरोबर होतं. तो बंदरावरून फोन करत होता तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पण तिकडे बोटी का जात नव्हत्या ते त्यानं तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. पाऊस नुकता सरला होता, समुद्र बसला नव्हता. डुबकी शिकवणाऱ्या मुलीनं मला महिनाभर आधी फोनवर सांगितलं होतं, नोव्हेंबरच्या मध्यावर या, तेव्हा लांब जाता येईल. कुंदनही तेच म्हणत होता. "अद्या, दसरा आन् दिवाळीच्या मधात कोणता फुलवाला घर सोडते? वावरात झेंडू उभा हाय. दिवाळी होऊ दे, मंग तू म्हणशीन तिथं येतो." मी ऐकलं नाही. अठरा ऑक्टोबरला मला चाळीस वर्षं पूर्ण होत होती आणि तो दिवस मला पाण्याखाली घालवायचा होता. एवढंच कारण होतं. बारावीला आम्ही अकोल्याच्या वसतिगृहात होतो, तेव्हा त्यानं मला तुमच्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. त्याच्याशिवाय जायचं माझ्या मनात येत नव्हतं. मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो हो म्हणाला.

पहिल्या दिवशी जवळच्याच खडकावर नेलं. सगळं राखाडी. कुंदननं खाली मला दोन्ही तळवे उघडून दाखवले, काहीच नाही म्हणून. वर आल्यावर हसत होता. म्हणाला, "लेका, कपाशीची पऱ्हाटी उपटल्यावर वावर दिसते तसं हाय हे." दुसऱ्या दिवशी, अठराला, त्याच खडकाची दुसरी बाजू. तो वर आला तेव्हा म्हणाला, छातीत कसंतरी होऊन राहिलं. बोटीवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. किनारा यायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली शेवटची पंधरा-वीस मिनिटं तो नव्हता.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पुढचं तुम्ही विचारलं नाहीत, ते मी लिहीत नाही.

परवा मी त्या मुलीला फोन केला. माझं नाव तिला आठवत होतं. लांबच्या बेटाजवळचे प्रवाळ पुष्कळसे सावरलेत, फांद्यांचे आहेत, मोठे गोलही आहेत, असं म्हणाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर बोटी जातील. तेव्हा प्रामाणिक उत्तर हे, की तुम्हाला जायचं असेल तर तिथंच जा. इजिप्तचं राहू द्या.

मात्र तुम्हाला पोहता येत नाही. तिथं काचेच्या तळाच्या बोटी असतात, वर बसून सगळं दिसतं. तसं केलंत तर बरं.

अद्वैत


अमरावती
२१ सप्टेंबर २०२५

रागिणीवहिनी,

शुभम बुधवारी येऊन गेला. या वेळी बसला. त्याच्याकडून कळलं की काचेची बोट तुम्हाला नको आहे. "वहिनी म्हणते, काचेतूनच पाहाचं तं टीव्ही काय वाईट हाय?" तुम्ही अकोल्याच्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या तुकडीत नाव घातलंय, हेही त्यानं सांगितलं. पहाटे फुलांची गाडी अकोल्याच्या बाजारात उतरवायची, मग सात ते आठ पोहायचं आणि बार्शीटाकळीला परत. तुमच्या सासूबाईंनी, माणिकबाईंनी, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच डब्यात भाकरी बांधून दिली म्हणे. तो सांगत होता आणि मी ऐकत होतो. हसायला यायला हवं होतं असं मला नंतर वाटलं.

मग त्यानं फोन काढून तो फॉर्म दाखवला. तिथल्या लोकांनी पाठवलेला, डुबकीआधी भरायचा, तब्येतीचा. म्हणाला, "हा तुमीच भरा. वहिनी म्हणते, भाऊजीले इंग्रजी येते. पण एकबी गोष्ट खोटी नको. भाऊनं खोटं लिवलं आन् जीव गेला. भाऊजी, तिचा राग अजून नाई गेला. फोटोले हार घालते, पण त्याच्याकडं पाहात नाई. म्हणते, माह्यासंगं कधी खोटं बोलला नाई आन् तिथं जाऊन बीपीच्या गोळ्या लपवल्या."

मी बरं म्हणालो. तो गेला.

फॉर्म उघडला. तुमचं नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढचं भरलं नाही. चार दिवस झाले. तुम्ही अकोल्याच्या एखाद्या डॉक्टरकडून भरून घ्या, ते जास्त बरं. मला सध्या कॉलेजात सहामाहीचे पेपर काढायचे आहेत.

अद्वैत


अमरावती
२४ सप्टेंबर २०२५

रागिणीवहिनी,

पेपर कधीच काढून झाले होते.

तो फॉर्म कुंदननं भरला नव्हता. मी भरला होता.

गेल्या वर्षी निघायच्या आठ दिवस आधी आम्हा दोघांचे फॉर्म मी इथं जेवणाच्या टेबलावर बसून मोबाईलवर भरले. त्याचा मी भरत असताना त्याला फोन केला. तो वावरात होता, पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. वजन विचारलं, रक्तगट विचारला. मग तोच म्हणाला, "अद्या, त्याच्यात गोळीचं इचारलं काय? मी बीपीची गोळी खातो सकाळी."

प्रश्न माझ्यासमोर होता. रक्तदाब आहे का, त्यासाठी औषध घेता का. हो म्हटलं की डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं लागत होतं. प्रमाणपत्र म्हणजे अकोल्याला जाणं, तपासणी, कदाचित डॉक्टरांनी नाही म्हणणं. आणि डॉक्टर नाही म्हणाले असते तर तो आला नसता.

मी म्हणालो, "नाही. असलं काही नाही विचारलं."

तो म्हणाला, "बरं हाय मंग."

मी 'नाही'वर खूण केली आणि त्याच्या नावानं पाठवून दिला. पाच मिनिटांत झालं. नंतर मी चहा घेतला.

तिथल्या पोलिसांनी विचारलं, फॉर्म कोणी भरला. मी म्हणालो, ज्याचा त्यानं. शुभम विमानतळावर घ्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. कुंदनच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, विचारलं तेव्हाही. तिसऱ्यांदा ते खोटं आहे असं वाटलंसुद्धा नाही, सवय झाली होती. तेरवीला मी यामुळे आलो नाही. तिथं सगळे कुंदनला बोल लावत असतील हे मला कळत होतं.

माझ्या वडिलांना मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्हाला माहीत आहे, ते चाळीस वर्षं वकिली करतात. ते म्हणाले, "झालं ते झालं. बोलू नकोस आणि कागदावर तर मुळीच आणू नकोस." काल पुन्हा विचारलं, पुन्हा तेच म्हणाले. म्हणून हे पत्र त्यांना न दाखवता पाठवतो आहे. त्याचा हवा तसा उपयोग करा.

तुम्ही वर्षभर त्याच्यावर रागावून आहात. त्यानं काही लपवलं नव्हतं. त्यानं स्वतःहून विचारलं होतं. खोटं मी बोललो, त्याच्याशी आणि मग तुम्हा सगळ्यांशी.

माफी मागावी असं वाटतं, म्हणजे मागायला हवी हे कळतं. वाटत काहीच नाही. वर्षभर असंच आहे. हे लिहितानाही अक्षर हललेलं नाही, पाहा.

अद्वैत


अमरावती
१४ ऑक्टोबर २०२५

रागिणीवहिनी,

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. "रविवारी या. बाबाच्या तोंडावर सांगा. पत्र मी कोणालेच दाखवलं नाई," एवढं बोलून या वेळी तुम्हीच ठेवलात. मी आलो ते तुम्ही पाहिलंत. तरी लिहितो, कारण तिथं माझ्यानं नीट बोलणं झालं नाही.

खुशीला तुम्ही शेजारी पाठवलं होतं. पंजाबराव शेडमध्ये शेवंतीच्या जुड्या बांधत होते. मी उभ्यानंच सांगितलं. पाठ केल्यासारखं सांगितलं, मलाच ऐकू येत होतं. ते बांधत राहिले. हातातली जुडी पुरी झाल्यावर म्हणाले, "म्हंजे पोरानं लिवलं नाई?"

"नाही काका."

"तवा तूच मले सांगतलं का त्यानं लिवलं."

"हो."

"माह्या दारात उभा राहून सांगतलं."

"हो."

त्यांनी तुम्हाला हाक मारली. "सूनबाई, आयकलं काय हे?" तुम्ही दारातून म्हणालात, "आयकलं, बाबा." मग ते तसेच जुड्यांच्या ढिगात बसले आणि रडायला लागले. शुभम मागे सांगत होता की मुलगा गेला तेव्हाही ते रडले नव्हते. माणिकबाई आतून आल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

शुभमनं माझी कॉलर धरली ती मी सोडवून घेतली नाही. "वर्षभर त्याले शिव्या देल्ल्या मी," तो म्हणाला, "मेलेल्या माणसाले. माह्या भावाले." मग त्यानंच सोडलं आणि वावराकडे निघून गेला. तो मारील असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर चाललं असतं.

फाटकापाशी तुम्ही म्हणालात, "तिकिटं काढली आमी. मी, खुशी आन् शुभम. तुमी येऊ नका." मी नाही येणार म्हणालो. "आन् फॉर्म मी अकोल्यात डॉक्टरीणबाईपाशी बसून भरला. माहं बीपी चांगलं हाय." हे तुम्ही का सांगितलंत ते मला कळलं नाही, पण सांगितलंत.

मी तिथल्या पोलीस ठाण्याला माझा खरा जबाब लिहून टपालानं पाठवला आहे. पोचपावती आली, उत्तर अजून नाही. वडील माझ्याशी बोलत नाहीत. आई रोज त्यांचं ताट वेगळं वाढते.

सोबत एक कागद जोडला आहे. बोट कुठून सुटते, कोणत्या दिवशी लांबच्या बेटाकडे जाते, आदल्या दिवशी काय खायचं नाही, सर्दी असेल तर अजिबात उतरायचं नाही, हे सगळं त्या मुलीला विचारून लिहिलंय. कानात दडे बसले तर नाक दाबून हळूच हवा सोडायची. नाही सुटले तर वर या. कोणी कितीही म्हटलं तरी वर या.

अद्वैत


अमरावती
२४ नोव्हेंबर २०२५

रागिणीवहिनी,

तुमचं पत्र आज दुपारी कॉलेजच्या पत्त्यावर आलं. शिक्षकांच्या खोलीत वाचलं, मग वर्गावर गेलो. फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे काय शिकवायचं ते आठवेना. मुलांना म्हटलं, आज तुम्ही वाचत बसा.

तुम्ही लिहिलंय ते पुन्हा इथं उतरवतो. हे मला एकदा माझ्या हातानं लिहायचं आहे.

"भाऊजी, बुधवारी पाण्यात उतरली. पयल्या टायमाले कान दुखले, वर आली. कोणी काई म्हटलं नाई. दुसऱ्यांदा गेली. पाह्यलं. मले वाटलं होतं अंगठीतल्या पोवळ्यावानी लाल असन. तसं नाई. तपकिरी हाय, काई हिरवट, आन् फांद्याच्या टोकाले निळं. बारकेबारके मासे त्याच्यात घुसते आन् बाहेर येते. हात नाई लावू देत. मी खाली रडली. चष्म्यात पाणी साचलं. त्या पोरीनं चष्मा वरून दाबून, नाकानं हवा सोडून पाणी कसं काढाचं ते दाखवलं, मंग अजून पाहात राह्यली. हे असते तं काय म्हणाले असते ते मले समजलं नाई. मी एकटीनंच पाह्यलं.

वर आली तं खुशी बोटीवर बसली होती. तिनं इचारलं, आई, बाबा काहून मेले? मी म्हटलं बीपी होता. थे म्हणे, मंग फॉर्मात काहून नाई लिवलं? शाळेत पोट्टे म्हणते तुह्या बापानं खोटं लिवलं. फॉर्म कोणी भरला हे आमी सगळ्याइनं आतापर्यंत तिच्यापासून लपवलं. मी नाई सांगणार भाऊजी. तुमी सांगा. या रविवारी या.

मी तुमाले माफ केलं असं समजू नका. काय करावं हे मले अजून समजलं नाई. पण तिले तुमच्याच तोंडून आयकू द्या."

मी येतो.

घरी आल्यापासून मी बारा वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं ते लिहून पाहतो आहे. तिनं मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी तिच्या वडिलांची शवपेटी विमानातून आणली होती, आणि ती माझ्याकडे येऊन म्हणाली होती, काका, तुम्ही पाणी प्याले का? हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आतापर्यंत सहा कागद झाले. पहिल्या पाचांत मी कुठं ना कुठं स्वतःला थोडा सोडवून घेतो. एकात लिहिलं, चूक झाली. झाली नाही, केली. सहाव्यात फक्त ते फोनवरचं बोलणं आहे, त्यानं काय विचारलं आणि मी काय म्हणालो. तेच सांगेन. मग ती जे विचारेल त्याचं उत्तर देईन.

इशिता सोबत येते म्हणाली. मी नको म्हटलं. संध्याकाळी तिनं खिचडी केली, दोन घास खाऊन मला उठावं लागलं. येऊन हे लिहायला बसलो. या पत्राचं अक्षर हललं आहे, तुम्हाला दिसत असेल. मला फार भीती वाटते आहे वहिनी. पोलिसांची नाही वाटत. पंजाबरावांसमोर उभा होतो तेव्हासुद्धा अशी वाटली नव्हती.

रविवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून निघतो. अकोल्याहून बसनं अकरापर्यंत बार्शीटाकळीला पोचेन. खुशीला आधीच सांगून ठेवा की मी येतो आहे. आणि तिनं बोटीवर विचारलं त्याचं उत्तर द्यायला येतो आहे, तेही सांगा.

अद्वैत